दातांच्या डॉक्टरकडे जाताना गोळ्यांची पिशवीही न्या

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला एक साधा प्रश्न विचारून बघा: चहात न बुडवता पाव खाता येतो का? पदेराकडचा उंडो सकाळचा ताजा असूनही घासागणिक पाण्याचा घोट घ्यावा लागत असेल, जीभ टाळूला चिकटत असेल, रात्री घसा सुकून जाग येत असेल, बोलता बोलता कवळी सुटत असेल, तर तोंड कोरडं पडतंय असं समजा. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून आपण हे सोडून देतो. पण नुसत्या वयानं तोंड एवढं सुकत नाही. कारण बहुतेक वेळा फडताळावरच्या औषधांच्या डब्यात सापडतं.

२०११च्या जनगणनेत गोव्यात साठीच्या पुढच्या माणसांचं प्रमाण सुमारे ११ टक्के होतं. राज्यांमध्ये केरळनंतर गोव्याचाच क्रमांक लागत होता. पेडण्यात, डिचोलीत अशी कितीतरी घरं आहेत जिथे मुलं पणजी, मुंबई नाहीतर आखातात आणि घरात दोघं म्हातारी माणसं. दोघांच्या मिळून दिवसाला दहा-बारा गोळ्या सहज होतात. प्रेशरची गोळी एका डॉक्टरची, गुडघ्यांची दुसऱ्याची, लघवीची तिसऱ्याची. यांतला कुणी तोंड उघडायला सांगत नाही, आणि दातांच्या डॉक्टरपुढे आपण तोंड उघडतो तेव्हा गोळ्यांचा डबा घरी असतो. माझं सांगणं एवढंच आहे की हे दोन्ही एकाच टेबलावर आले पाहिजेत, आणि ते आणायचं काम घरच्यांनाच करावं लागेल.

लाळ आटते तेव्हा

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्नातल्या आम्लाचा जोर कमी करते, दाताच्या पृष्ठभागाची झीज भरून काढते, बुरशीला आवर घालते आणि कवळी टाळूला धरून ठेवते. ती आटली की आधी उघडी पडलेली मुळं किडतात. उतारवयात हिरडी खाली सरकलेली असते आणि मुळावर वरच्यासारखं टणक आवरण नसतं. ही कीड फारशी ठणकत नाही. एके दिवशी भाकरीचा तुकडा मोडताना दातच हिरडीपाशी मोडतो.

लाळ कमी करणारी औषधं शेकड्यांनी आहेत. झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन, सर्दी-खाजेसाठीची क्लोरफेनिरामिन आणि सेटिरिझिन, लघवी धरवत नाही म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सोलिफेनासिन, कंपवातावरची ट्रायहेक्सिफेनिडिल ही त्यांतली ठळक नावं. सूज उतरवण्यासाठी किंवा प्रेशरसाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचाही यात हात असतो. त्यांतली हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन पुष्कळदा टेल्मिसार्टनसारख्या गोळीतच मिसळलेली असते, त्यामुळे घरच्यांना ती वेगळी दिसत नाही. एकेका गोळीनं थोडं सुकतं; अशा तीन-चार एकत्र आल्या की तोंडाचं वाळवंट होतं.

इथे एका गोष्टीकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. छातीत दुखायला लागलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी लाळेत विरघळते. तोंड ठणठणीत कोरडं असेल तर ती तशीच पडून राहते आणि गुण यायला उशीर होतो. तोंड सुकणाऱ्या हृदयरुग्णानं आधी पाण्याचा एक घोट फिरवून जीभ ओली करावी आणि मग गोळी ठेवावी. तुमच्या घरात ही गोळी असेल तर आजच सगळ्यांना सांगून ठेवा.

मग करायचं काय? गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, हे पहिलं. डॉक्टरना सांगा, ‘तोंड सुकतंय, यातली कुठली बदलता किंवा कमी करता येईल का?’ सर्दीची जुनी गोळी सवयीनं चालू राहिलेली असते, ती पुष्कळदा सहज सुटते. लघवीच्या औषधाला पर्याय असू शकतो. लघवी वाढवणारी गोळी शक्यतो सकाळी घ्यावी, पण वेळही डॉक्टरना विचारूनच बदला.

घरी करण्यासारखंही आहे. थोडं थोडं पाणी दिवसभर घेत राहा. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचं माप ठरवून दिलंय त्यांनी चूळ भरून टाकावी. जेवणात उकड्या तांदळाची पेज, पातळ हुमण, ताक असू द्या. सुकं अन्न ओलं करून खा. लाळ सुटावी म्हणून खडीसाखर, गोड बडीशेप किंवा खोकल्याच्या गोळ्या चघळत बसणं सगळ्यात वाईट, कारण कोरड्या तोंडात साखर तासन्‌तास दातांना चिकटून राहते. बिनसाखरेचं च्युइंगगम किंवा वेलचीचे दोन दाणे बरे. सोलकढी जेवताना प्या, पण आंबट आमसूल गालात धरून चोखत राहू नका. फेणीची गुळणी हा आपल्याकडचा जुना उपाय. त्यातल्या मद्यानं तोंड आणखी सुकतं. ज्या माउथवॉशमध्ये अल्कोहोल आहे त्याचंही तेच.

आणि टूथपेस्ट फ्लोराइडची हवी. ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण पीपीएममध्ये लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. आंब्याच्या पानानं किंवा राखुंडीनं दात घासून ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना हे पटवणं सोपं नाही, पण लाळ भरपूर होती तेव्हा जे चाललं ते आता चालणार नाही. राखुंडी तर उघडी मुळं घासून काढते. रात्री झोपताना ब्रश केल्यावर फेस थुंकून टाका आणि लगेच खळखळून चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइडला दातावर काम करायला वेळ मिळतो. तोंड फारच कोरडं असेल तर जास्त फ्लोराइडची पेस्ट किंवा कृत्रिम लाळेचं जेल दंतवैद्य लिहून देतात.

रक्त पातळ करणारी गोळी आणि दात काढणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर. स्टेंट बसवल्यावर अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, कृत्रिम झडप असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तर वॉरफरिन, आपल्याकडे जास्त करून अॅसिनोकुमॅरॉल, आणि अलीकडे डॅबिगॅट्रान, अॅपिक्सॅबान. दात काढायचा म्हटला की शेजारी सांगतात, ‘चार दिवस ती गोळी बंद ठेव, नाहीतर रक्त थांबणार नाही.’ हा सल्ला जिवावर बेतू शकतो. हिरडीतलं रक्त बोटाच्या दाबानं, टाक्यानं थांबवता येतं. स्टेंटमध्ये किंवा मेंदूत झालेली गुठळी बोटानं दाबता येत नाही. साधा एखादा दात काढण्यासाठी अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल सहसा बंद करत नाहीत. नुकताच स्टेंट बसवला असेल तर हृदयाच्या डॉक्टरशी बोलल्याशिवाय कुणीही त्या गोळ्यांना हात लावू नये.

वॉरफरिन किंवा अॅसिनोकुमॅरॉल चालू असेल तर दात काढण्याच्या आदल्या दिवशी, फार तर तीन दिवसांच्या आत, आयएनआर ही रक्ताची तपासणी करून घ्या. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा आकडा ४च्या खाली असेल तर गोळी न थांबवता साधा दात काढता येतो. आपल्याकडे काही डॉक्टर ३ किंवा ३.५ची मर्यादा पाळतात; तुमचे डॉक्टर सांगतील ते धरून चला. डॅबिगॅट्रान किंवा अॅपिक्सॅबानची त्या दिवशीची सकाळची गोळी कधीकधी मागे ढकलतात, तोही निर्णय डॉक्टरांचाच. झडप बदललेली असेल तर ते न विसरता सांगा, कारण अशा रुग्णाला दात काढण्याआधी प्रतिजैविकाचा एक डोस द्यावा लागतो.

दात काढायला आठवड्याच्या सुरुवातीचा दिवस घ्या, आणि सकाळची वेळ. रक्त पुन्हा सुरू झालंच तर ते दुपारी, डॉक्टर जागेवर असताना व्हावं. शनिवारी संध्याकाळी दात काढून इब्रामपूरला किंवा लाटंबार्सेला परत गेलेल्या माणसाला रात्री कुठे न्यायचं? काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरा. सारखं थुंकू नका, थुंकण्यानंच गुठळी निघते. त्या दिवशी कढत चहा नको, चूळ नको, तंबाखू तर मुळीच नको. पाझर सुरू झाला तर स्वच्छ ओल्या गॉजवर वीस-तीस मिनिटं घट्ट चावून बसा. तरीही थांबलं नाही तर घरी वाट बघायची नाही.

मधुमेह्यांनी उपाशी पोटी जाऊ नये. दातांच्या भीतीनं नाश्ता टाळतात, शुगरची गोळी मात्र घेतात किंवा इन्सुलिन टोचून येतात, आणि खुर्चीतच घाम फुटून चक्कर येते. नाश्ता आणि गोळी दोन्ही वेळेवर हवीत. दात काढल्यावर चावता येणार नाही हे धरून घरी मऊ भात, पेज तयार ठेवा. जाताना शुगरचा ताजा रिपोर्टही न्या. शुगर वाढलेली असेल तर हिरड्या सुजतात, आणि हिरड्यांची सूज राहिली की शुगर आटोक्यात यायला अडते.

हाडांचं औषध डब्यात दिसत नाही

हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा ७० मिलिग्रॅमची अॅलेंड्रोनेटची गोळी देतात. काहींना वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अॅसिडचं सलाईन लावतात, काहींना सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन. ‘रोज काय घेता?’ असं विचारलं तर यातलं कुणी काही सांगत नाही, कारण हे रोजचं नसतंच. पण दात काढण्याच्या दृष्टीनं हीच माहिती मोलाची आहे. या औषधांनी हाडाची झीज थांबते, तशी जबड्याच्या हाडाची दुरुस्तीही मंदावते. क्वचित दात काढलेली जागा भरतच नाही, आत हाड उघडं राहतं. अमेरिकेतले जबड्याचे शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी २००३मध्ये याकडे पहिल्यांदा लक्ष वेधलं.

घाबरून हाडांचं औषध सोडू नका. ठिसूळपणासाठीच्या मात्रेत हा धोका फार कमी आहे, आणि मांडीचं हाड मोडलं तर त्याची किंमत कितीतरी मोठी. कर्करोगात हीच औषधं बऱ्याच मोठ्या मात्रेत देतात, तिथे धोका खरा वाढतो. डेनोसुमॅब मनानं लांबवलं तर मणके मोडण्याचा धोका असतो. करायचं ते असं: औषध सुरू होण्याआधीच तोंड तपासून घ्या, काढायचे दात तेव्हाच काढा, टोचणारी कवळी घासून घ्या. औषध चालू असताना दात काढायची वेळ आली तर कुठलं औषध, कधीपासून, शेवटचं कधी, हे कागदावर लिहून न्या. अॅलेंड्रोनेट चघळायची नाही, जिभेवर ठेवायची नाही, तोंडात फोड येतात. सकाळी उपाशी पोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर गिळायची आणि अर्धा तास ताठ बसायचं किंवा चालायचं. देवपूजा आटोपेपर्यंत तेवढा वेळ जातोच.

आता काही खुणा, ज्या ‘दातांचा त्रास’ म्हणून चुकीच्या दाराशी नेल्या जातात. प्रेशरची अॅम्लोडिपिन, त्याहून अधिक निफेडिपिन, किंवा झटक्यांसाठीची फेनिटॉइन चालू असताना हिरड्या जाड होऊन दातांवर चढू लागतात. दात नीट साफ ठेवले तर ही वाढ बरीच आवरते, आणि डॉक्टर गोळी बदलूही शकतात. दम्याचा स्टेरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ भरली नाही तर जिभेवर, टाळूवर पांढरी बुरशी येते. पंपाला स्पेसरची नळी लावा आणि दर वेळी चूळ भरून थुंका. या बुरशीवर मायकोनॅझोलचं जेल सर्रास दिलं जातं. अॅसिनोकुमॅरॉल किंवा वॉरफरिन घेणाऱ्यानं मात्र ते विचारल्याशिवाय लावू नये, त्यानं रक्त धोकादायक पातळ होतं. जीभ लाल, गुळगुळीत होऊन आग होत असेल आणि मेटफॉर्मिन किंवा पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ची तपासणी करा. रोज मासे खाणाऱ्या घरातही ते कमी निघू शकतं, कारण ही औषधं ते अंगाला लागू देत नाहीत. हृदयासाठीच्या निकोरँडिलनं खोल, चिवट फोड येतात.

एक खूण तातडीची. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून ती रोज घेतली गेली की पहिली वर्दी पुष्कळदा तोंडातल्या फोडांनीच मिळते. अशा वेळी फोडांवर मलम लावत बसू नका, गोळी थांबवून त्याच दिवशी इस्पितळ गाठा. दुसरी तातडीची गोष्ट: एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल घेणाऱ्याचे ओठ, जीभ अचानक सुजले तर ते दाढेचं नाही. वर्षानुवर्षं गोळी सोसलेल्या माणसालाही हे होऊ शकतं. लगेच १०८ला फोन करा.

रात्री दाढ ठणकायला लागली की फार्मसीतून ‘दुखण्याची आणि सुजेची’ गोळी आणायची, हे आपल्या अंगवळणी पडलंय. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या टेल्मिसार्टन आणि लघवीच्या गोळीबरोबर पडल्या तर मूत्रपिंडावर घाला पडू शकतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. म्हाताऱ्या माणसासाठी डॉक्टर भेटेपर्यंत पॅरासिटामॉल पुष्कळ बरी, अर्थात यकृताचा आजार नसेल आणि मात्रा पाळली तर. मेट्रोनिडॅझोल हे दुसरं घरगुती झालेलं औषध. त्यानं अॅसिनोकुमॅरॉल-वॉरफरिनचा जोर वाढतो, आणि त्याच्याबरोबर मद्य घेऊ नये असा इशारा दिलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत हुर्राकाचे दिवस असताना ही आठवण आजोबांना आजीनंच करून द्यावी लागते. दुखऱ्या दाताशी अॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, हिरडी पांढरी पडून भाजते. लवंगेचं तेल नुसतं ओतलं तरी तेच.

आयुर्वेदाची औषधं वेगळी आहेत म्हणून सांगायची राहतात. धारगळला डिसेंबर २०२२मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान सुरू झालं, तेव्हापासून पेडणे भागातल्या अनेकांना ही सोय दाराशी आली आहे. तिथे दाखवायला जाताना अॅलोपॅथीच्या गोळ्याही न्या, आणि दंतवैद्याकडे जाताना काढे, चूर्णं, गुग्गुळसुद्धा. आसव-अरिष्टांत मुरताना तयार झालेलं मद्य थोडं असतंच. अवलेह, पाक आणि गोड सिरप झोपताना घेतले तर त्यानंतर दात घासायला हवेत.

मशेरीबद्दल बायका डॉक्टरपुढे बोलत नाहीत, सुनेपुढे तर नाहीच. भाजलेल्या तंबाखूची ही पूड हिरडीवर घासली की रक्त येणं कमी होतं. त्यामुळे हिरडी बरी झाली असं वाटतं, आजार मात्र आत वाढत राहतो. कोणताही फोड, पांढरा किंवा लाल चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, तर तो औषधानं आलाय की कवळीनं टोचलाय याचा तर्क घरी करू नका. तपासणीच लागते.

कवळीचं थोडक्यात: रात्री काढा, मऊ ब्रशनं साबण लावून घासा, साध्या पाण्यात ठेवा, उकळतं पाणी नको. सैल झाली म्हणून तशीच वर्षानुवर्षं दामटू नका.

आता ती पिशवी. फार्मसीत गोळ्या सुट्या घेताना पट्टी कापतात आणि नाव दुकानातच राहतं. एक तरी पट्टी नाव आणि घटक छापलेल्या भागासकट मागून घ्या. दोन वेगळ्या नावांची पाकिटं मागून वाचली की आत एकच औषध निघतं, असंही होतं. पट्ट्यांच्या मागच्या बाजूचे फोटो काढून बाहेरगावच्या मुलाला पाठवा, तो दुबईत बसूनही नीट यादी टाइप करून देईल. यादीत पंप, डोळ्यांचे थेंब, वर्षातून एकदा लावलेलं सलाईन, काढे आणि मशेरीसुद्धा येऊ द्या. नवं औषध सुरू झाल्याची तारीख लिहिली तर त्रास त्याच्यानंतरच सुरू झाला का, हे डॉक्टरला लगेच कळतं. औषधानं त्रास झाल्याची नोंद करायला सरकारची १८००-१८०-३०२४ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे, तिथे रुग्णही कळवू शकतो.

पेडण्याच्या, डिचोलीच्या किंवा साखळीच्या आरोग्य केंद्रात दंतवैद्य कोणत्या वारी असतात ते विचारून ठेवा. साधं काम तिथेही होईल. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, झडप, कर्करोगाचं औषध, यांपैकी काही असेल तर बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय बरं, कारण गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) शेजारीच आहे आणि हृदयाच्या डॉक्टरचं मत त्याच आवारात घेता येतं. दोडामार्ग-बांद्याकडची माणसंही उपचारांसाठी बांबोळीच गाठतात. पहिल्याच भेटीत दात निघेल असं धरून जाऊ नका. आधी तपासणी, मग रक्ताचा रिपोर्ट, मग तारीख असा क्रम असतो. म्हापशाला बस बदलून दुसऱ्यांदा जावं लागेल, त्या दिवशीही नाश्ता करून आणि सकाळच्या गोळ्या नेहमीसारख्या घेऊनच निघा, डॉक्टरनी एखादी थांबवायला सांगितली असेल तर तेवढी वगळून.